उतू गेलेलं दूध कोण पुसतं?

‘लिहायचंय? पहाटे पाचला उठा, दार लावून घ्या.’ असा सल्ला देणारे कधी सांगत नाहीत, दाराबाहेर उतू गेलेलं दूध कोण पुसतं. आपल्या नगरमध्ये राहिलेल्या ना. वा. टिळकांचं घर बघा. कवी न सांगता घराबाहेर पडायचे, मागचा संसार लक्ष्मीबाई ओढायच्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली, टिळक जाऊन १५ वर्षं झाल्यावर! आणि त्यात भरलंय काय? घरातल्याच फजित्या. आजही वाचताना हसू आवरत नाही. तेव्हा ‘बॅलन्स’चं कौतुक पुरे. कादंबरी लिहिणाऱ्या पोरांनो, लॅपटॉप ओट्यावर आणा. कुकरच्या शिट्ट्या आई का मोजतेय?