परके गिऱ्हाईक आणि न लिहिलेला भाव

लोणावळ्याचे कैवल्यधाम ही स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेली संस्था. योगाभ्यासासाठी तेथे देशोदेशींचे साधक येत असतात. त्यांच्या आसनांविषयी, आहाराविषयी आणि दिनचर्येविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु हीच मंडळी डझनभर केळी, साबणाची वडी किंवा चार पेरू घेण्यासाठी गावच्या बाजारात येतात तेव्हा त्यांना काय अनुभव येतो याची चर्चा सहसा होत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा दुसरा अनुभवच अधिक उद्बोधक आहे.

साबणाच्या वडीविषयी या परक्या गिऱ्हाइकाला काहीच अडचण येत नाही. वेष्टनावर किंमत छापलेली असते, आणि मराठी अंक वाचता येत नसले तरी ती त्याला वाचता येते. वेष्टनबंद वस्तूंविषयीचे नियम आपल्याकडे १९७७ साली झाले. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती मात्र १९९० पासूनची. त्यापूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आडून दुकानदार हवी ती रक्कम जोडू शकत असे, हे त्या काळातील गृहस्थांना आठवत असेल. केळ्यांना मात्र वेष्टन नाही. तेथे भाव विक्रेत्याच्या मनात असतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा, कपडे व भाषा पाहून तो ओठांवर येतो. रिक्षाचेही तेच. मीटरने भाडे घेण्याची पद्धत लोणावळ्यात रुळलेली नाही. त्यामुळे स्टेशनापासूनच्या एकाच अंतराला माणसागणिक निराळे भाडे पडते.

हा न लिहिलेला भाव केवळ मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. तो नात्याने ठरतो. ओळखीच्या बाईंना भाजीवाली ‘काकू’ म्हणते, शेजारच्या सुनेला ‘वहिनी’ म्हणते, आणि या संबोधनांच्या पाठोपाठ एक विशिष्ट भाव आणि वर मूठभर कोथिंबीर येते. परदेशी स्त्री ‘मॅडम’ असते. ‘मॅडम’ला कोथिंबीर मिळत नाही. काही महिने राहून तिने विक्रेतीला ‘मावशी’ म्हणण्याइतके मराठी आत्मसात केले की भाव उतरू लागतो. तिने व्याकरण शिकल्याचे हे बक्षीस नव्हे. ती आता पुन्हा येणारे गिऱ्हाईक झाली, याची ती पोच असते.

यावरून ‘हिंदी माणूस लबाड आणि युरोपीय सचोटीचा’ असा निष्कर्ष काढण्याची घाई काही परदेशी करतात, आणि आपल्यातीलही काही सुशिक्षित त्यास मान डोलावतात. तो निष्कर्ष इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्येही घासाघीस ही रीतच होती. आरिस्तीद बूसिको याने १८५२ नंतर ‘बाँ मार्शे’ या दुकानात प्रत्येक वस्तूवर ठरीव किंमत लिहिण्याची आणि नापसंत माल परत घेण्याची प्रथा पाडली, ती धंद्याला फायदेशीर ठरली, म्हणून इतरांनी उचलली. पुढे कायद्याने तिला आधार दिला. आज फ्रान्समधील कोणत्याही शहरात गेलेल्या मराठी प्रवाशाला भाजीबाजारातील टोमॅटोच्या ढिगावरही दराची पाटी दिसते. उपाहारगृहाचे दरपत्रक दाराबाहेर लावलेले असते, त्या दरातच सेवेचा आकार धरलेला असतो आणि जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितल्यास तिचे पैसे पडत नाहीत. तेथील वाणी आपल्याहून साधुपुरुष आहे असे नाही. त्याने भाव लिहून ठेवला आहे, एवढाच फरक. अर्थात तो फरक लहान नाही.

पाण्याचा उल्लेख आलाच आहे तर लोणावळ्याची स्थिती पाहण्यासारखी आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारे हे गाव. येथील वळवण आणि शिरोता तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीस १९१५ पासून वीजनिर्मिती होते आणि ती वीज मुंबईला जाते. अशा गावात आलेला परका मनुष्य पहिली खरेदी करतो ती पाण्याच्या बाटलीची! तीही दुकानात छापील किमतीला मिळते, पण हॉटेलच्या टेबलावर तिची किंमत वाढू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना छापील किमतीचे बंधन लागू होत नाही असा निर्णय दिला, कारण तेथे वस्तूबरोबर सेवाही विकली जाते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. तहानलेल्याला मात्र पाणी तेच असते.

जेवणाच्या बाबतीत गंमत आणखी निराळी. मावळ हा भाताचा मुलूख. पवन, नाणे आणि आंदर मावळातील खाचरे पावसाळ्यात पाहावीत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आज महाराष्ट्रभर नावाजला जातो. परंतु या प्रदेशाचे अन्न चाखावे म्हणून परदेशी पाहुणा हमरस्त्यावरील हॉटेलात शिरला तर त्याच्यापुढे बहुधा पंजाबी आणि चिनी पदार्थांची यादी येते. मऊ इंद्रायणी भात, पिठले आणि भाकरी मागण्यासाठी त्या पदार्थांची नावे आधी ठाऊक असावी लागतात. ज्याला माहिती नाही त्याला पैसे जास्त पडतात आणि वस्तूही कमी प्रतीची मिळते, असा हा दुहेरी दंड आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके हेच दाखवले. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. त्या निबंधात त्याने भारतातील तांदळाचेच उदाहरण घेतले आहे: बाजारच्या तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणून गृहिणीला तो निवडत बसावे लागते. गृहिणीला निदान निवडता येते. रेल्वेच्या डब्यातून किंवा द्रुतगती मार्गावरून उतरून चिक्कीची चार पाकिटे घेणारा प्रवासी पुन्हा त्याच दुकानी येईलच असे नसते, आणि सारख्या नावांच्या पाट्यांच्या रांगेत खरे दुकान कोणते हे त्याला उमगत नाही. या अर्थाने जुलैतल्या रविवारी लोणावळ्यात आलेला दादरचा कारकून आणि कैवल्यधामात आलेला जर्मन साधक यांच्यात फारसे अंतर नाही. दोघेही परकेच.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निराळ्या माणसाकडून निराळी किंमत घेणे हे प्रत्येक वेळी अन्याय्यच असते असे नाही. कार्ल्याची लेणी पाहण्यासाठी २०१८ च्या सुधारणेनंतर भारतीयास २५ रुपये आणि परदेशीयास ३०० रुपये असा दर पुरातत्त्व खात्यानेच ठरवला. बारा पट! तरी हा दर पाटीवर लिहिलेला असतो, आणि जमा होणारा पैसा सरकारी तिजोरीत जातो. वाढीव पैसा कोणाकडे जातो, हा प्रश्न महत्त्वाचा. मे महिन्यात कातकरी आणि ठाकर स्त्रिया पहाटे रान तुडवून आणलेली करवंदे आणि जांभळे द्रोणात घालून रस्त्याकडेला बसतात. परदेशी मनुष्य तिने सांगितलेले पैसे देऊन मोकळा होतो. मोटारीतून आलेला आपला पाहुणा मात्र छापील किमतीच्या चिक्कीपाशी मुकाट्याने पैसे मोजतो आणि करवंदांच्या द्रोणापाशी त्याला काटकसर आठवते. लिहिलेल्या भावापुढे नमते घेणारा ग्राहक, न लिहिलेल्या भावात सर्वांत दुबळ्या विक्रेत्यालाच खाली ओढतो, याची नोंद ग्राहक चळवळीनेही घ्यायला हवी.

आणि या सर्वात सोमवारी सकाळी बाजारात जाणाऱ्या लोणावळ्याच्या शिक्षकाचे काय? तो परका नाही. पण शनिवार-रविवारी चढलेले भाव त्याच्या ओळखीसाठी पूर्णपणे उतरत नाहीत. रिक्षाचालकाला पाहुण्याचे भाडे मिळण्याची आशा असताना शाळेपर्यंतची सवारी नकोशी वाटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यानंतर दोन्ही शहरांतून येणाऱ्यांचा ओघ वाढला. त्या ओघाबरोबर घरभाडेही चढले. पाहुण्यांच्या ऐपतीने ठरणाऱ्या बाजारात स्थानिक पगारदाराला आपल्याच गावात पाहुण्यासारखी खरेदी करावी लागते.

उपाय खर्चिक नाहीत. नगरपरिषदेने मंडईतील प्रत्येक गाळ्यावर दिवसाच्या दराची पाटी मराठी आणि इंग्रजी अंकांत लावण्याचा आग्रह धरावा. रेल्वे स्थानकाबाहेर कार्ले, भाजे, वळवण आणि कैवल्यधाम यांच्या रिक्षाभाड्याचा फलक उभारावा. हॉटेलांनी फ्रान्सप्रमाणे दरपत्रक दाराबाहेर टांगावे आणि त्यात भरलेल्या पाण्याचा तांब्या विनामूल्य असल्याची एक ओळ असावी. करवंदांच्या द्रोणावर मात्र पाटीची सक्ती करू नये. तेथला भाव त्या बाईलाच सांगू द्यावा.