वरचं पान फाडू नका

चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ भिंतीवर हवं म्हणून अख्ख्या दिवाळी अंकाचा जीव घेणारे हौशी लोक हल्ली बरेच दिसतात. पिना उचकटायच्या, वरचं पान सोलून घ्यायचं, पुठ्ठ्यावर डकवायचं आणि उरलेला अंक रद्दीत. दिवाणखाना सजतो, पण माझं डोकं फिरतं.

का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला १९०९ साली. पण चित्रकाराचं नाव बघून अंक उचलायची खोड महाराष्ट्राला लावली ती दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन गोवेकरांनी. मुळगावकरांची रंगाच्या फवाऱ्यातून उतरलेली मऊ कांती, दलालांची ठसठशीत रेषा. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा अंकच सुरू केला. मुखपृष्ठ काढणारा हात आतल्या कथांच्या चित्रांतही दिसायचा. ती कथाचित्रं रद्दीत घालून मिळवलं काय, तर एक पान!

माझ्याकडच्या एका अंकावर छपाईत ठोकळा जरासा सरकलाय. भिंग धरलं की रंगांचे ठिपके दिसतात आणि नायिकेच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सांडलेला. गालावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. जाणकार विक्रेते अशा अंकाची किंमत पाडतात. मला तो कोऱ्या अंकापेक्षा प्यारा. किती घरं फिरून आलाय तो!

लावायचाच तर अंक सबंध लावा. खोल चौकट करून घ्या. गोंद नको, चिकटपट्टी तर नकोच, तिचे तपकिरी डाग जन्मात निघत नाहीत. गंजक्या पिना हळूच काढून दोऱ्याने शिवा. समोर ऊन येणारी भिंत टाळा. उन्हात लाल-पिवळा आधी उडतो आणि गोरीगोमटी नायिका निळी पडते.

'आवाज'चं मात्र काय करावं? मधुकर पाटकरांच्या या अंकातली खिडकीचित्रं म्हणजे पानाला भोक. भोकातून दिसतं ते चावट वाटतं, पान उलटलं की साळसूद निघतं. खालचं पान नसेल तर वर फक्त भोकच उरतं, आणि चौकटीत पान उलटता येत नाही. म्हणून 'आवाज' मी भिंतीवर टांगत नाही. पाहुण्यांच्या हातात देतो. आधी चिवड्याचे हात धुवायला लावतो, त्यावरून घरात बोलणीही खातो.