विश्लेषण : टर्बोचा बूस्ट वाढवला की गाडी पळते, पण त्याची किंमत कोण मोजते?

टर्बो पेट्रोल इंजिने आता छोट्या गाड्यांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यामागोमाग ‘बूस्ट वाढवून घ्या, मग पिकअप बघा’ ही हाकही गॅरेजांतून आणि रील्समधून ऐकू येऊ लागली आहे. लॅपटॉप जोडायचा, तासाभरात फाइल बदलायची की गाडी जोरात. हे इतके सोपे असेल, तर कंपनीनेच ते का केले नाही? याचे उत्तर समजल्याशिवाय बूस्टला हात लावू नये. आणि समजून-उमजून लावायचाच असेल, तर तो मोजून, तपासून आणि कागदावर नोंदवून लावता यावा, अशी सोय हवी. आपल्याकडे आज यातले काहीच होत नाही.

बूस्ट म्हणजे नेमके काय?

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. साधे इंजिन तेवढ्याच दाबाची हवा ओढते. टर्बोत मात्र सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन आणि म्हणून जास्त ताकद, असा हा हिशोब आहे.

मीटरवर दिसणारा बूस्ट हा वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब असतो. मीटर ०.६ दाखवत असेल, तर इंजिनात प्रत्यक्ष १.६ बारची हवा जाते. तो १ केला की २ बार. म्हणजे कागदावर २५ टक्के जास्त हवा. जाहिरातीतला आकडा इथून येतो.

हा दाब ठरवते कोण?

वेस्टगेट नावाची एक झडप. दाब ठरावीक पातळीला पोहोचला की ती उघडते आणि काही गरम वायू चाकाला वळसा घालून बाहेर जातो. तिला उघडणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये स्प्रिंग असते आणि टर्बोकडून आलेल्या नळीतला दाब त्या स्प्रिंगला ढकलतो. जुन्या गाड्यांत या नळीला छोटा व्हॉल्व्ह लावून थोडी हवा बाहेर सोडत. ॲक्च्युएटरला दाब कमी असल्याचा भास होई, झडप उशिरा उघडे आणि बूस्ट वाढे.

आता हे काम इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू करतो. हवेचे तापमान, बाहेरचा दाब, इंजिनातली ठोक, गिअर हे सगळे पाहून तो दर क्षणी बूस्ट ठरवतो. रीमॅप म्हणजे त्याच्या तक्त्यांतले आकडे बदलणे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. इंजिनाला तीच १.६ बारची हवा द्यायची, तर मुंबईत १.६ पट दाबणाऱ्या टर्बोला तिथे जवळपास १.९ पट दाबावे लागते. त्याची गती वाढते, हवाही जास्त तापते. कंपनीने राखलेली ‘गंगाजळी’ असते ती अशा घाटांसाठी, मे महिन्यातल्या उन्हासाठी आणि एखाद्या पंपावरच्या हलक्या पेट्रोलसाठी.

‘कंपनी ताकद लपवते’ हे खरे का?

एकदा ते खरे होते. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून गाडीची जाहीर ताकद २८० पीएसवर थांबवली होती. हा संकेत २००४ पर्यंत टिकला. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) त्याच काळातली. तिच्या २.६ लिटर, दोन टर्बोंच्या इंजिनात वेस्टगेटच्या नळीतच एक अरुंद छिद्राचा तुकडा बसवलेला असे. तो काढला की बूस्ट सुमारे ०.७ वरून १ बारच्या आसपास जाई. खर्च जवळपास शून्य आणि फरक लगेच जाणवणारा. ‘कंपनी मुद्दाम गाडी बांधून ठेवते’ या समजुतीला अशाच गाड्यांनी बळ दिले.

पण गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. त्या टर्बोंची गरम बाजूची चाके सिरॅमिकची होती. हलकी, म्हणून चटकन फिरणारी, पण ठिसूळ. त्याहून वर बूस्ट नेणाऱ्या अनेकांची चाके तुटली. स्पर्धेसाठी काढलेल्या आवृत्तीत निसानने पोलादी चाके वापरली, ती उगीच नव्हे. इंजिन पेलत होते, टर्बो पेलत नव्हता. बूस्ट वाढवला की साखळीतली सर्वांत कच्ची कडी आधी तुटते आणि ती कुठली आहे, हे मीटर सांगत नाही.

मग बिघडते काय?

पहिली गोष्ट उष्णता. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.६ बूस्टला टर्बोतून निघणारी हवा साधारण ९० अंशांची असते. १ बूस्टला ती १२५ अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर मूळ बूस्टच्या बेताचाच असेल, तर जादा हवेचा फायदा उष्णताच खाऊन टाकते. २५ टक्क्यांचा आकडा इथेच गळतो.

दुसरी गोष्ट नॉकिंग. ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले तापलेले, दाबलेले मिश्रण आपोआप पेटते आणि पिस्टनवर हातोडा बसतो. सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा टाकतो; पण बदललेल्या फाइलमध्ये ही सुरक्षा सैल केलेली असेल, तर पिस्टनच्या कडा फुटतात. इथे पेट्रोलचा ऑक्टेन महत्त्वाचा. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ आहे, ई२० चा ९५ धरला जातो आणि मोजक्या पंपांवर १०० ऑक्टेनचे महाग पेट्रोलही मिळते. शिवाय इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. १०० ऑक्टेनसाठी बेतलेली फाइल टाकून गावाकडच्या पंपावर साधे पेट्रोल भरणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

तिसरी गोष्ट कमी गतीवरची. छोट्या, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त भार पडला की मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो. तो इतका खरा आहे की इंजिन ऑइलच्या २०१८ नंतरच्या एपीआय मानकांत त्यासाठी वेगळी चाचणी आली. रीमॅपमध्ये लोकांना आवडतो तो नेमका हाच खालचा ‘धक्का’. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर मूळ ताकदीच्याच मापाचे राहतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कागदावर कडक, प्रत्यक्षात आंधळे. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी जागेवर उभी ठेवून होते. तेव्हा टर्बो जवळपास बूस्टच देत नाही. बदललेली फाइल तिथे सापडणार कशी? परिणामी हा सगळा व्यवहार पावतीविना चालतो. गाडी विकायच्या आधी मूळ फाइल परत टाकली जाते. क्लच गेलेला, पिस्टन थकलेला नवा मालक ‘एकहाती, उत्तम स्थितीतली’ गाडी म्हणून घेतो. वॉरंटी नाकारली जाते, विम्याचा दावा वादात अडकतो. बूस्टची मजा एकाची आणि बिल दुसऱ्याचे, हा यातला खरा अन्याय आहे.

मग काय करावे?

सरसकट बंदीच हवी, असे एक मत आहे. रस्ता सर्वांचा आहे आणि रस्त्यावर शर्यत नको, हा त्यातला मुद्दा बिनतोड आहे. पण जी बंदी तपासताच येत नाही, ती फक्त काम अंधारात ढकलते. जर्मनीत गाडीत बदल केला, तर मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून तो वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. तपासणीविना केलेल्या बदलाने गाडीची रस्त्यावरची परवानगीच जाऊ शकते. खुद्द फॉर्म्युला वननेही बूस्टला मोकळे रान दिले नव्हते. १९८७ मध्ये दाबावर ४ बारची मर्यादा आली, १९८८ मध्ये २.५ बारची आणि १९८९ पासून टर्बोच बंद झाले. ते परतले २०१४ मध्ये.

आपल्याकडे वाहनांची चाचणी घेणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यातच आहे. मर्यादित ताकदवाढ, भाराखाली उत्सर्जन चाचणी, ब्रेकची तपासणी आणि आरसीवर नोंद, असा मार्ग आखणे अशक्य नाही. नोंद असेल तर पुढचा ग्राहक फसणार नाही, विमा कंपनी हप्ता ठरवू शकेल आणि फाइल टाकणाऱ्या गॅरेजवर जबाबदारी येईल. नोंद न करणाऱ्यावर मग खुशाल कडक कारवाई व्हावी.

तोपर्यंत ट्रॅकवरच्या गाडीचा बूस्ट बदलणाऱ्यानेही काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. बदलाआधी आणि नंतर डायनोवर ताकद मोजली का? हवेचे तापमान, इंधनाचे प्रमाण आणि नॉकिंग यांची नोंद दाखवता का? ही फाइल कोणत्या ऑक्टेनसाठी आहे? इंजिन गेले तर लेखी जबाबदारी कोणाची? यांची उत्तरे न देता जो फक्त ‘किती बार पाहिजे?’ एवढेच विचारतो, त्याच्या हातात गाडीची चावी देऊ नये.