प्लास्टर निघालं, मग आता काय दुखतंय?

पाय प्लास्टरमध्ये असला की वर्गातली पोरं बॅग उचलतात, एसटीत कुणीतरी सीट देतं, सरसुद्धा हजेरीचं बघून घेतात. प्लास्टर निघालं की हे सगळं एका दिवसात बंद. दुखणं मात्र प्रत्येकाचं त्या दिवशी थांबत नाही. काहींचं तर तिथूनच सुरू होतं.

माझ्या एका मैत्रिणीचं तसं झालं. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. काही आठवड्यांत हाड जुळलं, एक्स-रे एकदम स्वच्छ. पण हात सुजलेलाच. कधी लालबुंद नि गरम, कधी निळसर नि गार. कातडी ताणल्यासारखी चकचकीत, नखं वेडीवाकडी, मूठ वळेना. ओढणी घासली तरी आग, पंख्याचा वारासुद्धा नको. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या. "काय गो, हाड तर जुळलं म्हणतायत!"

या दुखण्याला नाव आहे : कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, थोडक्यात सीआरपीएस. हे नाव १९९४ सालचं, पण दुखणं जुनं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांच्या हातापायांची अशीच आग होते, हे सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर जखम भरते, पण मज्जासंस्थेतली धोक्याची घंटा बंदच होत नाही. आजार तसा विरळा. कुठलीही एक रक्ततपासणी तो पक्का सांगत नाही, डॉक्टर लक्षणं नि हात बघूनच निदान करतात. म्हणून तर "नाटक करते" म्हणणाऱ्यांचं फावतं.

त्यात घरच्यांची माया. "हात अजिबात हलवू नको हां!" सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण न हलवलेले सांधे आखडतात, स्नायू बारीक होतात. उपचाराचा मोठा भाग फिजिओथेरपीच असतो. आधी कापसाचा स्पर्श, मग मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल. आरशाचाही उपयोग करतात : दुखरा हात आरशामागे, चांगला हात पुढे, आणि आरशात चांगल्याचं प्रतिबिंब बघत दोन्ही हलवायचे. मेंदूला वाटतं, दुखरा हात मजेत हलतोय. ही युक्ती मुळात व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या रुग्णांसाठी १९९०च्या दशकात वापरली, ती पुढे इथे आली. हे सगळं हळूहळू, महिनोन् महिने चालतं. सेमिस्टर त्यासाठी थांबत नाही.

अशा वेळी हमखास कुणीतरी बाबा आमट्यांचा फोटो पाठवतं. खाली ओळ : इच्छाशक्ती असेल तर काहीही शक्य. मला हे पटत नाही. बाबांचा पाठीचा कणा झिजलेला होता. कित्येक वर्षं त्यांना बसताच येत नव्हतं. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. त्याच अवस्थेत १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते तरुण सायकलस्वारांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. 'भारत जोडो' म्हणतात ते हे. पोस्टरवर एवढंच येतं. पण ते सायकलवर नव्हते, गाडीत बिछाना होता! दुखण्याशी कुस्ती खेळून ते बसायला शिकले नाहीत. बसता येत नाही हे धरून प्रवास आखला गेला. इच्छाशक्ती होतीच हो, पण बिछानाही होता. तो पोस्टरवर कुणी छापत नाही.

(आनंदवनाची अजून एक गंमत, गंमत म्हणायची तर. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, चटका लागला तरी कळत नाही, आणि न दुखणाऱ्या जखमांमुळेच बोटं झडतात. एकाला दुखत नाही म्हणून हात जातो, दुसरीचा दुखणं थांबत नाही म्हणून.)

आता कॉलेजचं बोलू. दुसऱ्या मजल्यावरचं लेक्चर, कुलूपबंद लिफ्ट, ७५ टक्के हजेरी, तीन तासांचा पेपर. सवलत मागितली की पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट किती टक्क्यांचं?" दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकार आहेत, दीर्घकालीन वेदना हा वेगळा प्रकार नाही. आणि ४० टक्क्यांच्या खाली असाल तर खिडकीवरून परत पाठवतात.

पण ४० टक्के ही भिंत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. विकास कुमार नावाच्या यूपीएससीच्या उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता, म्हणजे लिहिताना हात आकडायचा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अपंगत्व फक्त ६ टक्के. लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला : आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट ठीक, पण लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने लिहायला अडचण असलेल्या अशा उमेदवारांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेखनिक किंवा तासाला २० मिनिटं जादा वेळ होता, आणि प्रमाणपत्र सिव्हिल सर्जनसारख्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने द्यायचं होतं.

माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात या सूचना कुणी ऐकलेल्याच नव्हत्या. तिने प्रिंट काढून नेली, डाव्या हाताने अर्ज लिहिला. क्लार्क म्हणाला, "लिहिता तर येतंय की तुम्हाला."

ती सध्या वीस मिनिटं लिहिते, मग दहा मिनिटं थांबते. पेपर दोन महिन्यांवर आहे. अर्ज अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहे. आणि लिफ्टची चावी शिपाईकाकांकडे असते, साहेब आले की ते उघडतात.