अर्ध्या श्वासाचं गाणं

परवा भाजीसाठी सेरंगून रोडला निघालो होतो. गाडीत कुमार गंधर्वांची मालवती चालू. मागून लेकीने विचारलं, "बाबा, हे आजोबा मधेमधे थांबतात का?" आम्ही ठोकून दिलं, "त्यांना एकच फुप्फुस होतं गं."

हे उत्तर खरं तर आमच्या अण्णांचं. रेडिओवर कुमार लागले की ते कान पिळून बंद करायचे. घरी आल्यावर मात्र ते आम्हालाच खटकलं.

१९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्मलेला, लहानपणीच 'गंधर्व' ठरलेला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा गवई. क्षयाने गाठलं म्हणून १९४८ साली देवासला गेला. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं अंथरुणावर! तिथे कानावर पडायची ती माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी. त्या चार-पाच सुरांच्या धुनांत त्याला रागाचं बीज सापडलं. त्यातून मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार असे 'धुनउगम' राग उभे राहिले. बंदिशींसकट ते 'अनूपरागविलास'मध्ये १९६५ साली छापलेही. एक पंप बंद पडला तर आम्ही इंजिनिअर मंडळी फ्लो कमी करतो. नवी नदी शोधायला जात नाही.

रविवारी फोनवर अण्णांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "असेल बाबा. पण मला आपले भीमसेनच बरे."

लेकीने मात्र मालवती पुन्हा लावायला सांगितली.