गो बॅग तयार आहे, पण आई-बाबांचं काय?

ऑक्टोबर उजाडला की आमच्या उत्तर कॅलिफोर्नियात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे ईशान्येकडून येणारा कोरडा वारा, आणि दुसरी म्हणजे देशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची 'गो बॅग'ची चर्चा. वणवा किंवा भूकंप झाला तर उचलून पळायची ती पाठपिशवी. कोणी कुठली घेतली, सेलमध्ये केवढ्याला पडली, तिला कप्पे किती. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट आलीच! वजनाचा कॉलम, किमतीचा कॉलम, एक्स्पायरी डेटचा कॉलम. एका मित्राने त्याची बॅग उघडून दाखवली. पॅराशूटची दोरी, घडीचा चाकू, पाणी गाळायची नळी, वर्षानुवर्षं टिकणारं कोरडं जेवण, आणि चकमक. अरे बाबा, आगीपासून पळायचंय ना आपल्याला? मग आग पेटवायचं साधन कशाला?

तो हसला, मीही हसलो. पण शेजारच्या खोलीत त्याची आई टीव्ही बघत बसली होती. सहा महिन्यांसाठी आलेली, गुडघे दुखणारी, गाडी न चालवणारी. त्या एक्सेल शीटमध्ये तिच्यासाठी एकही ओळ नव्हती.

तर मुद्दा असा, की माझं भांडण बॅगेशी नाही. बॅग विकताना जी कल्पना विकली जाते तिच्याशी आहे. या कल्पनेतला माणूस तिशीतला असतो, धडधाकट असतो आणि मुख्य म्हणजे एकटा असतो. जंगलात शिरतो, झऱ्याचं पाणी गाळून पितो, तीन दिवसांनी बाहेर येतो. आता मला सांगा, तुमच्या ओळखीतल्या किती मराठी घरांमध्ये असा माणूस राहतो? आपल्या घरात असतं दोन वर्षांचं पोर, आणि मे ते ऑक्टोबर आजी-आजोबा. म्हणजे बरोब्बर वणव्यांच्या मोसमात!

संकटात माणसं कशाने मरतात, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आपण मशीन बिघडलं तर आधी बिघाड कुठे झाला ते शोधतो, मग सुटे भाग मागवतो. इथे मात्र आधी खरेदी!

८ नोव्हेंबर २०१८ ला बट काउंटीत 'कॅम्प फायर' लागली. सकाळी साडेसहाच्या सुमारास ठिणगी पडली आणि आठच्या सुमारास आग पॅरडाइझ गावात शिरली होती. ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक ६५ वर्षांच्या पुढची होती, आणि बरीचशी आपल्या घरात किंवा घराच्या आसपासच सापडली. गावाकडे योजना नव्हती असं नाही. गावाचे झोन पाडलेले होते, एकेक झोन बारीने रिकामा करायचा असं ठरलेलं होतं. पण आग बारीने आली नाही. स्कायवे नावाचा मुख्य रस्ता गाड्यांनी तुंबला. सूचना देणाऱ्या यंत्रणेचा फोन फक्त आधी नाव नोंदवलेल्यांना जाणार होता, आणि तोही सगळ्यांना पोचला नाही.

जानेवारी २०२५ मधली लॉस एंजेलिसजवळची 'ईटन फायर' घ्या. आग लागली ७ तारखेच्या संध्याकाळी. अल्टाडीनाच्या पश्चिम भागात, म्हणजे लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे, बाहेर पडायचा हुकूम पोचला ८ तारखेला पहाटे तीन वाजून गेल्यावर. जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागात झाले. मेलेल्यांत बरेच जण म्हातारे होते, काहींना स्वतःच्या पायांनी उठून चालता येत नव्हतं.

यातला कोणीही पाणी गाळायची नळी नव्हती म्हणून मेला नाही. माणसं मेली ती बातमी उशिरा कळल्याने, चालता न आल्याने, गाडी नसल्याने, आणि दार ठोठावायला कोणी न आल्याने. या चारांपैकी एकावरही बॅगेत औषध नाही.

आता थोडं गणित. इथले सगळे सरकारी सल्ले सांगतात, माणशी दिवसाला १ गॅलन पाणी ठेवा. चार माणसं, तीन दिवस, १२ गॅलन. म्हणजे ४५ लिटर, म्हणजे ४५ किलो. हे पाठीवर घेऊन कोण पळणार आहे? सल्ला चुकीचा नाही, पण ते पाणी मुख्यतः भूकंपानंतर नळ बंद पडले तर घरात बसून प्यायचं आहे. घरात तग धरायचा साठा वेगळा आणि दहा मिनिटांत घर सोडायची तयारी वेगळी. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत कोंबतो, कारण पिशवी मोठी झाली की किंमतही मोठी होते.

गंमत म्हणजे घर सोडायची चांगली यादी इथे फुकट मिळते. कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं, कॅल फायर, सहा 'पी' सांगतं. कागदपत्रं, औषधं आणि चष्मे, फोटो, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, क्रेडिट कार्डं आणि रोकड हे पाच. पण पहिला 'पी' कुठला? पीपल! माणसं, आणि सोबत पाळीव प्राणी. बाजारातल्या बॅगांनी नेमकी पहिली ओळच खोडली आहे.

"आम्ही दोघं असतो ना घरी, आईला घेऊन निघू," असं मला ऐकवलं जातं. ८ नोव्हेंबर २०१८ ला गुरुवार होता. गुरुवारी सकाळी साडेनऊला तुम्ही कुठे असता? ऑफिसात, पुलाच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर. बॅग असते गाडीच्या डिकीत, तुमच्यासोबत. आग लागलेल्या भागात जाणारे रस्ते पोलीस बंद करतात, त्यामुळे तुम्ही घरी पोचालच याची खात्री नाही. घरी आई, बाबा आणि नातवंड. फोनवर भारतातलं सिम, तेही रोमिंगवर. काउंटीच्या सूचना-यादीत त्यांचा नंबर घालायचं कोणाच्या डोक्यातही आलेलं नाही.

आणि गॅरेजचं दार? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोनोमा, नापाकडे वणवे लागले तेव्हा वीज गेली आणि विजेवर चालणारी गॅरेजची दारं उघडेनात. काही म्हाताऱ्या माणसांचा त्यात जीव गेला. त्यानंतर कॅलिफोर्नियात कायदा झाला की १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ओपनरला बॅटरी हवी. पण तुमच्या घरातला ओपनर कधीचा आहे? छताजवळ एक लाल दोरी लोंबकळत असते. ती ओढली की दार मोटरीपासून सुटं होतं आणि हाताने उचलता येतं. ही दोरी तुमच्या वडिलांना कधी दाखवली आहेत? पॅराशूटची दोरी विकत घेण्याआधी ही फुकटची दोरी ओढून बघा! दार वर असताना मात्र ओढू नका, ते धाडकन खाली येऊ शकतं.

दुसरा एक आक्षेप असतो. "तू फार भावनिक होतोयस, आधी आपण वाचलो तरच दुसऱ्याला वाचवू." विमानातल्या ऑक्सिजन मास्कसारखं. ठीक आहे, पण मास्क लावल्यावर शेजारच्याला लावायचा असतो, खिडकीतून उडी मारायची नसते. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. सरकारी पथकं पोचेपर्यंत वेळ गेलेला असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. मी त्याचं उगाच गुणगान करणार नाही, कारण त्या पावसात शेकडो माणसं गेलीच. पण निदान कोणाचं दार वाजवायचं हे लोकांना ठाऊक होतं. इथे आपल्यातले कित्येक जण सहा-सात वर्षं एका घरात राहतात आणि डावीकडच्या घरातल्या बाईंचं नाव त्यांना सांगता येत नाही.

मग बॅग नकोच का? हवी. पण ती घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसासाठी भरा, आणि तिला उचलता येईल एवढीच भरा. आईचा जुना चष्मा, कानाचं यंत्र असेल तर त्याचे सेल, पायात बसणारे बंद बूट (सपाता घालून निखाऱ्यांवरून चालता येत नाही), एन-९५ मास्क, पाण्याची एक बाटली, पासपोर्टच्या प्रती, थोडी रोकड. आठवड्याची औषधं, आणि सोबत कागदावर औषधांची मूळ नावं. इथल्या फार्मसिस्टला तेल्मा किंवा ग्लायकोमेट म्हटलं तर कळणार नाही, तेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन कळेल. क्रोसिन म्हणजे इथे अ‍ॅसिटामिनोफेन. आणि एका कार्डावर इंग्रजीत घरचा पत्ता, तुमचा नंबर, आजार, अ‍ॅलर्जी. झाली बॅग. बहुतेक सगळं घरात आहेच, वेगळा खर्च जवळजवळ नाही.

बॅगेबाहेरची कामं जास्त महत्त्वाची. काउंटीच्या यादीत आई-बाबांचा नंबर घाला. त्यांना इथलं सिम घेऊन द्या. तुमचा झोन कुठला ते बघून फ्रीजवर चिकटवा. 'वॉर्निंग' आणि 'ऑर्डर' यातला फरक त्यांना मराठीत समजावून सांगा. ऑर्डर म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर, पण ज्यांना निघायला वेळ लागतो त्यांनी वॉर्निंगलाच निघायचं असतं, हे त्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. म्हातारी माणसं असलेल्या घराला ऑर्डरची वाट बघायची चैन परवडत नाही.

आणि एका रविवारी आईला घेऊन डावीकडच्या घराची बेल वाजवा. सोबत काहीतरी गोडधोड न्या. सांगा, की आम्ही दिवसभर नसतो, ही घरी असते, हिला गाडी चालवता येत नाही. नंबर द्या, त्यांचा घ्या. त्यांच्याकडेही कोणी गुडघे दुखणारं असेल, तर त्याच्यासाठी तुमच्या गाडीत एक जागा आहे असं सांगून या. अर्ध्या तासाचं काम आहे. वारा सुटायच्या आत उरकून टाका.