पाण्यात म्हैस, मोबाइलमध्ये घोडा

लग्नसराई जवळ आली की आमच्या भागातल्या घोडेवाल्यांच्या मोबाइलवर घोड्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, मागे दणदणीत गाणं, मऊ मातीत नाचणारी पांढरी घोडी, खाली किंमत आणि एक ओळ: टोकन टाका, घोडी घरपोच. मंडईत वांगी घेताना जो माणूस देठ चाचपून बघतो, तोच माणूस रात्री अकरा वाजता परराज्यातल्या अनोळखी व्यापाऱ्याला टोकन पाठवतो आणि सकाळी उरलेल्या पैशांसाठी पतसंस्थेच्या दारात उभा राहतो.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हैस निदान समोरच्या पाण्यात तरी असायची!

माझ्या ओळखीच्या एका वरातीच्या घोडेवाल्याने दोन वर्षांपूर्वी अशीच घोडी मागवली. टेम्पोतून उतरली तेव्हा देखणी दिसत होती. चौथ्या दिवशी डांबरी रस्त्यावर लंगडायला लागली. पशुवैद्यांनी पाय दाबून पाहिला आणि दुखणं जुनं असल्याचं सांगितलं. वेदनाशामक देऊन ते काही दिवस झाकता येतं, हेही सांगितलं. व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘वाटेत झालं असेल, भाई. सौदा झाला तेव्हा तुम्ही कबूल म्हणालात ना?’ विकणारा आणि घेणारा दोघेही नमाजी. त्या ‘कबूल’ शब्दाने आमचा माणूस गप्प बसला, कारण शब्द दिला म्हणजे संपलं असंच त्याला वाटत होतं.

इथेच माझा आक्षेप आहे. वजू कशाने तुटतो, कुर्बानीच्या बोकडाचं वय किती हवं, यावर आपल्याकडे तासन् तास वाद होतात. खरेदी-विक्रीच्या फिकहबद्दल मात्र जुम्म्याच्या बयानात क्वचितच ऐकू येतं. हनफी फिकहमध्ये यासाठी एक स्वतंत्र हक्क आहे, ‘खियार-ए-रुयत’, म्हणजे पाहिल्यानंतर निर्णय घेण्याचा हक्क. न पाहिलेली वस्तू घेतली तर ती पाहिल्यावर ठेवायची की परत करायची हे घेणारा ठरवतो. वस्तू वर्णनाबरहुकूम निघाली तरी हा हक्क राहतो. शिवाय पाहण्यापूर्वी ‘मला पसंत आहे’ असं तो म्हणाला असेल, तरी त्या म्हणण्याने हा हक्क जात नाही, कारण जे पाहिलंच नाही त्याची पसंती कसली? फोनवरच्या त्या ‘कबूल’ची किंमत एवढीच. अर्थात जनावर ताब्यात आल्यावर तिथे त्यात नवी खोट आली, किंवा घेणाऱ्याने ते पुढे विकलं, तर हा हक्क उरत नाही. तेव्हा घोडी दारात उतरली की आधी तपासायची, वरातीला नंतर न्यायची.

हिदाया या हनफी ग्रंथात याला आधार म्हणून एक प्रसंग दिलेला आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी बसऱ्याची जमीन हजरत तल्हा (रजि.) यांना विकली. जमीन दोघांनीही पाहिलेली नव्हती. लोक दोघांकडेही जाऊन सांगू लागले की तुमचं नुकसान झालं. दोघांचंही उत्तर एकच: मी न पाहता व्यवहार केला आहे, मला तो मोडण्याचा हक्क आहे. निवाड्यासाठी जुबैर बिन मुतइम (रजि.) यांना नेमलं. त्यांनी हक्क घेणाऱ्याला, म्हणजे तल्हांना दिला. विकणाऱ्याने आपली वस्तू पाहून ठेवायला हवी होती, असा त्याचा अर्थ.

आमचे कोकणी बांधव शाफई आहेत. त्यांच्या मजहबात इमाम शाफई यांच्या नंतरच्या मतानुसार न पाहिलेल्या वस्तूचा सौदा मुळात होतच नाही. म्हणजे देशावरचा हनफी घोडी परत करू शकतो आणि कोकणातल्या शाफईला ती अशी घेताच येत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी न पाहिलेल्या घोड्यावर लावायला दोन्हीकडे जागा नाही.

यावर एक तरुण मौलाना मला म्हणाले, ‘पण व्हिडिओत पाहिलंच की.’ त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. सवारीच्या जनावराचा चेहरा आणि पुठ्ठा पाहिला की पाहणं पुरं झालं, असं हिदायातच म्हटलं आहे आणि व्हिडिओत दोन्ही दिसतात. पण त्याच प्रकरणात पुढे आहे की मांसासाठी घेतलेली बकरी हाताने चाचपावी लागते आणि दुधासाठी घेतलेलीची कास पाहावी लागते. म्हणजे नुसती नजर पडणं म्हणजे पाहणं नव्हे. ज्या कामासाठी जनावर घ्यायचं, त्या कामाचं ज्ञान ज्याने होतं ते पाहणं. घराबद्दल तर आणखी स्पष्ट आहे: जुन्या काळी अंगण पाहिलं तरी पुरे मानत, कारण घरं एकसारखी असत, आता ती वेगवेगळी असतात, म्हणून आत जाऊन पाहिलंच पाहिजे. काळ बदलला की पाहण्याची व्याख्या बदलते, हे त्या उलेमांनी शेकडो वर्षांपूर्वी मान्य केलं. व्हिडिओच्या काळात ती आणखी कडक व्हायला हवी, सैल नव्हे.

कारण व्हिडिओत काय दिसत नाही ते पाहा. मऊ मातीवर लंगडेपणा लपतो, तो कडक जमिनीवर दुडक्या चालीत कळतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते. खूर तापलेला आहे का, नळीवर सूज आहे का, हे हातालाच समजतं. दातांवरून वय ठरतं, पण दात कोरून-रंगवून घोडा तरुण दाखवण्याची लबाडी फार जुनी आहे आणि ती ओळखायला तोंड उघडून पाहावं लागतं. एका डोळ्यात पांढरट झाक असेल तर विकणारा दुसरी बाजू दाखवतो. कॅमेरा जमिनीलगत धरला की चौदा मुठींची घोडी सोळाची भासते. चावणारी, लाथा झाडणारी घोडी गुंगीच्या इंजेक्शनने गरीब गाय होते. आणि वरातीच्या घोडीची खरी परीक्षा तर बँड आणि फटाक्यांची. पाठीवर नवरा मुलगा, पायाशी नाचणारी पोरं, अशा वेळी बुजली तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

त्यात ग्लँडर्ससारखा रोग. तो घोड्यांमधून माणसांनाही होऊ शकतो आणि तपासणीत दोषी ठरलेलं जनावर मारून पुरावं लागतं. रक्ततपासणीचा अहवाल मागणारे घोडेवाले मी फार थोडे पाहिले. अहवाल मागावा, आणि तो त्याच जनावराचा आहे का हेही पाहावं. मायक्रोचिप असेल तर कागदावरचा नंबर जुळवून घ्यावा.

सजवून विकण्याची लबाडी पैगंबर (स.) यांच्या काळातही होती. दुभत्या जनावराचं दूध काही दिवस न काढता कास फुगवायची आणि बाजारात उभं करायचं. असं जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांत परत करता येईल, असं हदीसमध्ये आलं आहे. आजचा गाणं लावलेला व्हिडिओ ही तीच फुगवलेली कास आहे, असं मी म्हणतो. दोष न सांगता वस्तू विकणं मुसलमानाला हलाल नाही, हेही हदीसमध्ये आहे.

देशाचा कायदा इथे थोडा ढिला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मधलं उदाहरण घोड्याचंच आहे: घोडा सदोष आहे हे ठाऊक असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणाला, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरेन, आणि विकणारा गप्प बसला. तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. घोडेवाल्यांनी हे वाक्य पाठ करून व्यापाऱ्याला लेखी पाठवावं. फुकटचं हत्यार आहे.

दूरचा घोडा घ्यायचाच नाही का? मग व्यापार कसा चालायचा, असं कुणी विचारेल. दूरून घोडे मागवणं आपल्या देशाला नवं नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतले पांड्य राजे समुद्रापलीकडून घोडे घेत. इराणी इतिहासकार वस्साफ लिहितो की कैस बेटाच्या जमालुद्दीनशी दरवर्षी 1400 घोड्यांचा करार होता आणि वाटेत मेलेल्या घोड्याचीही किंमत राजाच्या खजिन्यातून द्यायची होती. जमालुद्दीनचा भाऊ तकीउद्दीन त्याच पांड्य दरबारात वजीर होता. राजाला परवडलं असेल. पतसंस्थेचा हप्ता भरणाऱ्याला मेलेल्या घोड्याचे पैसे परवडत नाहीत, आणि दोन्हीकडून कमिशन घेणारा ‘आपला माणूस’ त्याचा वकील नसतो.

आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. भाव झाकलेला, पण जनावर उघड्यावर उभं. चार जाणते त्याच्याभोवती फिरतात, दात बघतात, पळवून पाहतात. मोबाइलवर भाव उघडा आणि जनावर झाकलेलं. म्हणून माझा कल अजून सारंगखेड्याकडे आहे. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या यात्रेत घोडे हात लावून पाहता येतात. फसवणूक तिथेही होते, पण फसवणाऱ्याचा चेहरा तरी दिसतो.

जाणं जमत नसेल तर त्या गावच्या, व्यापाऱ्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याला फी देऊन पाठवावं. टोकन द्यायचंच तर कागद करून द्यावं. त्यावर तीन दिवसांची मुदत आणि परतीचं भाडं कोण भरणार हे लिहून घ्यावं. अशी अट घालणं म्हणजे ‘खियार-ए-शर्त’. इमाम अबू हनीफा यांच्या मते तिची मुदत तीन दिवसांपर्यंत असते. दोन साक्षीदार असावेत. एवढ्यावर व्यापारी म्हणेल, ‘भरवसा नाही का, भाई?’ त्याला हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट सांगावी. त्यांनी परीक्षेसाठी घेतलेला घोडा त्यांच्याकडे असताना जायबंदी झाला, तेव्हा काजी शुरैह यांनी खलिफांच्याच विरुद्ध निकाल दिला: घ्या, नाहीतर घेतला होता तसा परत करा. उमर (रजि.) रागावले नाहीत. त्यांनी शुरैहना कूफ्याचा काजी नेमलं.